बार्शी लाइटची बंद स्थानके : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

बार्शी लाइट रेल्वे या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) लाइनच्या बंद पडलेल्या स्थानकांवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मनातला राग न लपवता लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. ज्या गाडीने मराठवाड्याला शंभर वर्षे मागे ठेवले, तिच्या पडक्या भिंतींसाठी मी गळा काढतो आहे, हा आपला मुख्य आक्षेप. गावातल्या वृद्धांच्या आठवणींना मी पुराव्याचे स्थान देतो, हा दुसरा. आणि मोकळ्या पडलेल्या या जागा गावाच्या उपयोगी पडत असतील तर त्यात आडकाठी कशाला, असेही आपण विचारले आहे. आपले वडील लातूरच्या अडत दुकानात मुनीम होते आणि मालधक्क्यावर त्यांचे रोजचे जाणे होते, असे आपण सांगता. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

ब्रॉडगेज व्हायलाच हवे होते, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या गाडीचे उदाहरण आपण दिले आहे आणि ते अगदी समर्पक आहे. पहिल्या खेपेला त्या गाडीला प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटर पाण्याच्या १० टाक्या होत्या आणि ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा जो प्रवास करून आली, तो जुन्या बार्शी लाइटचाच मार्ग होय. अडीच फुटी रुळांची आणि एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये अशा हिशेबाने आखलेली ती मूळ लाइन असले ओझे पेलूच शकली नसती. नॅरोगेज पुन्हा सुरू करा, अशी मागणी मी केलेली नाही आणि करणारही नाही.

परंतु या गाडीने मुलूख मागे ठेवला, हे म्हणणे मला मान्य नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मद्रासकडे जाणारा मार्ग बार्शीसारख्या मोठ्या बाजारपेठेला बाजूला टाकून गेला आणि आजच्या कुर्डुवाडीला ‘बार्शी रोड’ हे नाव देऊन रेल्वे मोकळी झाली. तिथून बार्शीपर्यंतचे २१ मैल माल बैलगाडीनेच न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ही उणीव ओळखून कंपनी उभी केली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. बार्शी त्या वेळी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. दोन राजवटींच्या सीमेवरून हा लहानसा रूळ धान्य, तेलबिया आणि वारकरी वाहून नेत होता. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची, म्हणजे गाडी आल्यानंतर सहा वर्षांनी उभी राहिलेली आहे, आणि त्या पेठेच्या भरभराटीत मालधक्क्याचा वाटा किती होता हे मुनिमाच्या घरात वाढलेल्या माणसाला मी सांगायला नको. दोष द्यायचाच असेल तर तो ही लाइन अरुंद बांधणाऱ्यांना नव्हे, ती अरुंदच राहू देणाऱ्यांना द्यावा. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतल्यानंतर लातूर ते उस्मानाबाद रुंद रूळ पडायला २००७ साल उजाडले आणि कुर्डुवाडीपर्यंत ते २००८ मध्ये पोहोचले. आपल्या रागाचे योग्य ठिकाण मधली ती पन्नासहून अधिक वर्षे आहेत.

आठवणींच्या विश्वासार्हतेबद्दलची आपली शंका मला अधिक मोलाची वाटते. धावत्या गाडीतून उतरायचे, शेतातला हरभरा उपटायचा आणि त्याच गाडीत पुन्हा चढायचे, ही गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते, असे आपण लिहिता. ते खरेच आहे; विदर्भात शकुंतला या नॅरोगेज गाडीच्या मार्गावर आणि खानदेशात पाचोरा–जामनेरलाही मी ती ऐकली आहे, आणि नेमकी म्हणूनच माझ्या लेखात तिचा आधार कुठेही घेतलेला नाही. ज्या आठवणीत रंग भरून सांगणाऱ्याचा काहीच फायदा नाही, ती मी टिपून घेतो. हमाल कोणत्या बाजूला बसत, रात्रीच्या गाडीला सांधेवाला (रुळांचे सांधे बदलणारा) कंदील घेऊन कुठवर चालत जाई, पाणी कुठून येई, असल्या साध्या गोष्टी माणसे सहसा बनवून सांगत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्या जागेवर जाऊन पडताळता येतात.

येडशीच्या बाजूच्या एका लहान स्थानकाचेच पाहा. तिथे उरलेले लोखंड चोरीला जाऊ नये म्हणून त्याचे नाव मी लेखातही दिले नव्हते. तिथल्या एका निवृत्त गँगमनने मला सांगितले, की इंजिन पाणी घ्यायला फलाटाशी थांबत नसे, ते पुढे मोरीपर्यंत जाई, कारण विहीर तिकडे होती. मोरीजवळ सगळी वेडी बाभूळ माजली आहे. ती बाजूला सारल्यावर घडीव काळ्या दगडांचा चौथरा दिसला आणि त्याच्या एका दगडात शिसे ओतून बसवलेल्या नळाचे गंजलेले बूड अजून घट्ट होते. चौथऱ्याभोवतीची माती हाताने उकरली तर वीतभर खाली जळक्या कोळशाचे खंगर लागले. पाणी भरेपर्यंत इंजिनाची आग साफ करण्याची पद्धत असे, त्याचा हा साठा. गँगमनने सांगितले नसते तर मी त्या बाभळीत शिरलोच नसतो, आणि चौथरा सापडला नसता तर त्याचे बोलणे केवळ बोलणे राहिले असते. अवशेष आणि आठवण एकमेकांची साक्ष तपासतात, आणि ती तपासणी घरबसल्या होत नाही. तिथल्या वस्तीची एक रांग गावापासून तुटून विहिरीकडे का सरकली आहे, याचाही उलगडा मला त्या चौथऱ्यापाशी उभा असतानाच झाला.

सोडून दिलेले भराव ओळखण्यासाठी मात्र आठवणीची गरज पडत नाही. आज बैलवाट झालेला एखादा रस्ता ओढ्याच्या दोन्ही काठांवर सारख्याच संथ चढाने जात असेल, वळताना रुंद कमान घेत असेल आणि त्याच्या मोरीचे कठडे बैलगाडीलाही अडचण होईल इतके जवळ असतील, तर तो शेतकऱ्याने पाडलेला रस्ता नव्हे. नवा मार्ग धाराशिव शहरातून नेण्यासाठी वळवला गेला आणि जुनी आखणी काही ठिकाणी रानात तशीच राहिली, त्यामुळे असे तुकडे अजून पायी फिरून पाहता येतात.

जागांच्या वापराला माझी हरकत नाही. लातूरचे जुने स्थानक भर वस्तीत होते आणि नवे शहराबाहेर गेले. वाढत्या शहरात अशी जागा रिकामी ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जेसीबी लावण्याआधी इमारतीची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि तिथे काम केलेल्या माणसांशी बोलून घ्यावे. हे काम चार दिवसांत होते आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. वाफेच्या इंजिनावर काम केलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत, ही खरी घाई आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती. वडिलांच्या दप्तरात जुन्या बिल्ट्या, हमालीच्या नोंदी किंवा मालधक्क्याच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका. त्यांची छायाचित्रे मला पाठवा. माल कुठे वजन होई, कोणत्या महिन्यात डबे मिळत नसत, अडत्यांची नावे कोणत्या क्रमाने लागत, हे आपल्याला ऐकून ठाऊक असेल तेवढेही लिहा. आपली परवानगी असेल तर ते मूळ लेखात आपल्या वडिलांच्या नावाने जोडेन, आणि त्यातून माझ्या लेखातले एखादे विधान खोडले गेले तर तेही तिथेच नोंदवेन.