खिलार शुद्ध आहे तर पुरणपोळीनं त्याचं पोट का बिघडतं?

विट्याकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर परत तोच व्हिडिओ फिरतोय. हजारो गुरं कुंपणात उभी, आणि एक माणूस सांगतोय की परदेशात हार्मोनची इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक देऊन गुरं फुगवतात, त्यांची पोटं आतनं सडलेली असतात, आपली खिलार मात्र शुद्ध. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, दरवेळी बसतोच. पण खाली एकानं लिहिलं की म्हणूनच जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचं ऐकू नका, बैलाचा खुराक हळूहळू वाढवा वगैरे सगळं परदेशी फॅड आहे, आपल्या आज्यानं कधी बैलाचा खुराक मोजला नव्हता. त्याखाली अंगठ्यांची रांग.

मी कॅनडातल्या अल्बर्टात लेथब्रिजजवळ अशाच कुंपणातल्या गुरांचं रेशन, म्हणजे रोजचा खुराक, ठरवायचं काम करतो. मांसासाठी गुरं धान्यावर वाढवायच्या या जागेला इथं फीडलॉट म्हणतात. सकाळी अंधारात पिकअप घेऊन गव्हाणी बघायच्या, कुठल्या पेनमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कप्प्यात, किती उरलंय ते लिहायचं, चिनूक म्हणजे डोंगराकडचा गरम वारा सुटला की गुरांचं खाणं मागंपुढं होतं मग त्या दिवशी जास्त लक्ष ठेवायचं. त्यामुळं त्या व्हिडिओतलं खरं किती आणि खोटं किती हे मला सांगता येतं आणि सांगायचंच आहे.

पहिलं म्हणजे त्या माणसानं तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात. हार्मोन म्हणजे कानाच्या मागच्या बाजूला कातडीखाली बसवायच्या बारीक गोळ्या, ट्रेनबोलोन, इस्ट्राडायोल वगैरे. त्या मांसावर काम करतात, पोटातल्या जंतूंशी त्यांचा थेट संबंध नाही. युरोपनं असलं मांस 1989 पासून बाहेरून घेणं बंद केलंय, कॅनडा आणि अमेरिकेत चालतं. दुसरं मोनेन्सिन, ते खाद्यातून देतात. तिसरं टायलोसिनसारखं अँटिबायोटिक, तेही खाद्यातून, पण वेगळ्या कारणासाठी, ते पुढं सांगतो.

मोनेन्सिन कशाला, तर ते समजायला आधी कोठीपोट, म्हणजे जनावराचं पहिलं मोठं पोट, समजून घ्यावं लागतं. गाय-बैल कडबा पचवत नाहीत, त्यांच्या कोठीपोटातले बॅक्टेरिया, प्रोटोझोआ आणि बुरशी पचवतात, आणि त्यातनं जी आम्लं निघतात त्यावर जनावर जगतं. चाऱ्यावर असलं की ॲसेटिक आम्ल जास्त, धान्यावर आणलं की प्रोपिऑनिक वाढतं, त्यावर वजन लवकर चढतं. मोनेन्सिन ठरावीक बॅक्टेरिया दाबतं, त्यामुळं प्रोपिऑनिक वाढतं, मिथेन कमी होतो आणि तेवढंच वजन कमी खाद्यात मिळतं. अमेरिकेत गुरांसाठी त्याला 1975 मध्ये परवानगी मिळाली. ते मुळात मातीतल्या एका जंतूपासनं काढलेलं आहे, माणसांच्या औषधात वापरत नाहीत, आणि घोड्यानं खाल्लं तर घोडा मरतो म्हणून इथं फीड मिलमध्ये त्याचा हिशोब कडक असतो. युरोपनं वाढीसाठी ते 2006 पासून बंद केलं हे खरं, पण तेच मोनेन्सिन तिथं दुभत्या गाईला केटोसिस (व्याल्यावर अंगातली ताकद कमी पडून होणारा आजार) होऊ नये म्हणून द्यायला 2013 मध्ये परवानगी मिळाली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. व्हिडिओवाला हे सांगत नाही.

आता बेंदराकडं, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाकडं येतो. वर्षभर कडबा आणि उसाचं वाडं खाणारा बैल, त्याच्या पोटात तंतू फोडणारे जंतू जोरात असतात. त्याला एका दिवशी पाटीभर पुरणपोळ्या, किंवा लग्नातला उरलेला भात घातला की पिठाची आणि साखरेची आम्लं करणारे जंतू काही तासांत वाढतात, लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच साडेपाचच्या खाली जातो, म्हणजे पोट फार आंबट होतं, तंतूवाले जंतू मरायला लागतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, जनावर रवंथ सोडतं, कान टाकून बसतं. मग रात्री डॉक्टरला फोन, खायचा सोडा, सलाइन. आमच्या आळीत बेंदराच्या दुसऱ्या दिवशी हे व्हायचंच आणि बायका म्हणायच्या दृष्ट लागली. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून तर शर्यतीच्या बैलाला कणीक, उडीद, दूध, अंडी असं जे कुणी सांगेल ते भरवणं चाललंय. ही इथल्या फीडलॉटपेक्षा जास्त झपाट्यानं केलेली फीडिंग आहे, फक्त कागदावर कुठं नाही.

इथं बार्ली घालतात, तिचं पीठ मक्यापेक्षा लवकर आंबतं, म्हणून वैरणीवरनं धान्यावर आणायला साधारण तीन आठवडे घेतात, टप्प्याटप्प्यानं. लॅक्टिक आम्ल खाणारे जंतूही असतात, त्यांना वाढायला वेळ मिळाला पाहिजे म्हणून. आपला सरकारी डॉक्टर हेच सांगत होता! तो काही कॅनडातनं शिकून आलेला नाही, शिरवळच्या कॉलेजातला पोरगा आहे.

आणि अँटिबायोटिकचं म्हणाल तर आमच्याच गावात दगडी (कासेची सूज) झालेल्या गायीला इंजेक्शन चालू आणि दूध त्याच संध्याकाळी डेअरीला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. इथं औषध दिलेलं जनावर ठरलेले दिवस होईपर्यंत बाहेर जात नाही, आणि माणसांच्या कामाची अँटिबायोटिक डिसेंबर 2018 पासनं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मला इथलं कौतुक आहे ते या लिहून ठेवण्याचं.

तरी टायलोसिन मला खटकतं, ते लपवणार नाही. धान्य जास्त झालं की आम्लानं कोठीपोटाची आतली भिंत सोलवटते, तिथनं फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जंतू रक्तात शिरून लिव्हरमध्ये पू करतो, ते होऊ नये म्हणून टायलोसिन. ते एरिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं, आणि एरिथ्रोमायसिन हे माणसांना लागणारं औषध. वैरण वाढवली तर गरज कमी होईल, पण मग वजन चढायला दिवस जास्त लागतात आणि दिवस म्हणजे पैसे. यावर व्हिडिओ कुणी केला असता तर मी स्वतः पुढं पाठवला असता.

इथली ही गुरं कशासाठी वाढवतात ते ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. आपल्याकडं 2015 पासनं बैल कापायलाही बंदी. वडील माळकरी, आई पाहुण्यांना सांगते पोरगा तिकडं गुरांचा डॉक्टर आहे, आणि मी तिला अडवत नाही. मी स्वतः खात नाही. इथं कामावरचे लोक विचारतात की मग हे काम कसं करतोस, त्यांना मी सांगतो की मी आटपाडीच्या बाजारात वडिलांचं बोट धरून खिलारांचे दात बघत मोठा झालोय, मला गुरांतलंच काम येतं. इथं जवळ टॅबर गावाला बीटाचा साखर कारखाना आहे, त्याचा चोथा गुरांना येतो, हंगामात त्या ट्रकमागं गाडी लागली की मला वाड्याच्या मोळ्या घेऊन चाललेली सायकल आठवते. तिथलेही मला पूर्ण आपलं म्हणत नाहीत, इथलेही नाहीत, पण जनावराच्या पोटाबद्दल तरी दोन्हीकडं मला बोलता यावं एवढं वाटतं.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर नाही. रात्री चुलतभावानं वेगळा मेसेज टाकला, दादा, शर्यतीच्या खोंडाला मका भरडा चालू करायचाय, कसा करू. मी सांगितलं, कडबा आधी घाल, भरडा मूठमूठ वाढव, शेण पातळ फेसाळ दिसलं की वाढवायचं थांब आणि डॉक्टरला दाखव. म्हटलं हेच ग्रुपवर विचार की, बाकीच्यांनाही कळेल. तर म्हणाला नको दादा, लोक म्हणतील परदेशातल्या माणसाचं ऐकतोय. त्या व्हिडिओपेक्षा हे जास्त लागलं मला. अरे, माझं रेशन कार्डावरचं नाव आत्ता आत्ता काढलंय, त्या खोंडाच्या आईला मी पाणी पाजलंय, आणि मी परदेशातला?