313 मध्ये ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म झाला नव्हता

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: रोमन साम्राज्यात ख्रिश्चनांचा तीनशे वर्षं अखंड छळ झाला, मग 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यांचा धर्म राजधर्म केला आणि 325 मध्ये निकियाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या (ख्रिस्ती धर्मप्रमुखांच्या) सभेत, मतं घेऊन बायबलची पुस्तकं ठरवली.

छळ झाला, पण अखंड नव्हे. आधी तो गावोगावचा, अधूनमधून उसळणारा होता. साम्राज्यभर हुकूम सुटला तो 250 च्या सुमारास, सम्राट डेशियसच्या काळात. आणि तो फक्त ख्रिश्चनांना नव्हता, सरसकट रहिवाशांना होता: देवांना बळी द्या आणि दाखला घ्या. इजिप्तमध्ये पपायरसवरचे असे दाखले सापडले आहेत. अर्जदार नाव-गाव लिहितो, आपण तुमच्यासमोर तर्पण केलं, बळीचं मांस चाखलं असं सांगतो, आणि खाली अधिकाऱ्याची सही. 260 मध्ये सम्राट गॅलिएनसने छळ थांबवला. पुढची चाळीसेक वर्षं इतकी निवांत गेली, की 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या माणसांनी त्याच्या राजधानीतलं, निकोमिडियातलं चर्च पाडलं, ते राजवाड्यातून दिसेल अशा उंचवट्यावर उभं होतं.

आता 313. छळ मागे घेणारं फर्मान त्याआधीच, 311 मध्ये निघालं होतं. काढणारा सम्राट गॅलेरियस, म्हणजे छळाचा मोठा पुरस्कर्ताच. 313 मध्ये मिलानला कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस यांचं ठरलं ते इतकंच, की ख्रिश्चनांना आणि इतर सर्वांनाही हवा तो धर्म पाळता यावा. हे कळवणाऱ्या लिसिनियसच्या पत्राचा बराच भाग मालमत्तेचा आहे: जप्त केलेल्या सभेच्या जागा पैसे न घेता परत करा, ज्यांनी त्या विकत घेतल्या असतील त्यांनी भरपाईसाठी सम्राटाच्या प्रतिनिधीकडे अर्ज करावा. राजधर्म हवा असेल तर 27 फेब्रुवारी 380 चं थेस्सलोनिकाचं फर्मान वाचावं. ते सम्राट थिओडोसियसचं, कॉन्स्टंटाइनच्या मृत्यूनंतर 43 वर्षांनी निघालेलं.

निकियाचे 20 नियम उपलब्ध आहेत. त्यांत बिशपच्या नेमणुकीला किमान तीन बिशप हजर हवेत, धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये अशा गोष्टी आहेत. बायबलच्या पुस्तकांची यादी कुठेच नाही. नव्या कराराच्या (बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या) नेमक्या 27 पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 च्या पत्रात येते.

कॉन्स्टंटाइनने खरं काय बदललं ते या दाव्यात येतच नाही, याचं जास्त वाईट वाटतं. निकियात ठरलेला श्रद्धेचा मसुदा न स्वीकारणाऱ्या दोन बिशपांना अरियससोबत, म्हणजे ज्याची शिकवण त्या सभेने नाकारली त्या धर्मगुरूसोबत, हद्दपार केलं गेलं. म्हणजे धर्मसभेच्या निर्णयामागे शासनाचा दंडा आला, आणि तो आधी ख्रिश्चनांवरच उगारला गेला. 385 च्या सुमारास ट्रिअरला बिशप प्रिसिलियनचा शिरच्छेद झाला. आरोप जादूटोण्याचा, शिक्षा सम्राट मॅक्सिमसची, आणि प्रिसिलियनच्या मागे लागलेले बिशपच. रक्त सांडू नका म्हणून सम्राटाला विनवत होता तोही बिशपच, तूरचा मार्टिन.