आवळतो तो ओबी, किमोनो नव्हे

नमस्कार. किमोनो या जपानी पोशाखावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, ‘चार मीटरच्या पट्ट्यात आवळलेल्या बाईला धड पाऊल टाकता येत नाही, त्या पोशाखाचं कसलं कौतुक?’ यातलं निम्मं मला मान्य आहे. लग्न न झालेल्या मुलीच्या किमोनोच्या, म्हणजे फुरिसोदेच्या, बाह्या मीटरभर लोंबत्या, लग्नानंतरच्या किमोनोच्या, म्हणजे तोमेसोदेच्या, आखूड. बाईचं लग्न झालंय की नाही ते बाहीवरून कळावं, ही गोष्ट मी नुसती गोड प्रथा म्हणून सांगून मोकळी झाले. ते चुकलंच.

पण आवळतो तो ओबी, म्हणजे किमोनोवर कमरेला गुंडाळायचा पट्टा. जपानच्या एदो काळाच्या सुरुवातीला, म्हणजे सतराव्या शतकात, तो चांगला अरुंद होता. रुंदी आणि लांबी वाढली ती पुढे. शेतातल्या बायका तर निळीत रंगवलेल्या सुती कपड्याच्या बाह्या तासुकी नावाच्या दोरीनं पाठीवर फुली घालून बांधायच्या आणि कामाला लागायच्या.

मला किमोनोचं वेड आहे ते त्याच्या शिवणीपायी. जेमतेम ३६-३८ सेंटिमीटर पन्ह्याचं, सुमारे १२ मीटरचं एक ठाण. त्याचे सरळ रेषेत ८ तुकडे. गोलाई कुठेच नाही. जास्तीचं कापड कापून न टाकता शिवणीत नाहीतर गळपट्टीत दुमडून ठेवायचं. माझ्याकडे एक जुना किमोनो आहे. त्याची फाटकी बाही उसवायला बसले तर कात्री फारशी लागलीच नाही. धावदोऱ्याचं टोक ओढलं आणि शिवण सरसर सुटत गेली. बाहेरची निळाई पार विटलेली, आतल्या दुमडीत मात्र कोऱ्या कापडासारखी गडद.

ती शिवण सुटावी अशीच घातलेली असते. अराइहारी करताना अख्खा किमोनो उसवतात, तुकडे पुन्हा जोडून सलग पट्टी करतात, धुऊन ताणून वाळवतात आणि हव्या त्या मापानं नव्यानं शिवतात. लहान मुलांच्या किमोनोत खांद्यावर आणि कमरेवर कापड दुमडून टाके घातलेले असतात. पोर वाढलं की टाके सोडायचे. जुन्या युकाताचे, म्हणजे साध्या सुती किमोनोचे, बाळाला लंगोट व्हायचे, तेही विरले की घर पुसायचं फडकं.

अंगात घालणारी व्यक्ती बदलेल, कापड टिकेल, हे धरून बेतलेला कपडा आहे हा. तुम्हाला जाचणारा ओबी आणि मला भावणारी शिवण, दोन्ही त्याच पोशाखात आहेत, आणि माझ्या लेखात पहिल्याचा जाच आलाच नाही. बाह्यांबद्दलचा परिच्छेद आज रात्री बदलते आहे. वाचून पुन्हा नक्की कळवा.