‘उलटी उत्क्रांती’वरच्या कमेंटला उत्तर (थोडं लांबलंय)

एवढी सविस्तर कमेंट टाकल्याबद्दल आधी थँक्स. मध्येच येणाऱ्यांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते: समुद्री गवतावरच्या माझ्या पोस्टचं ‘उलटी उत्क्रांती’ हे शीर्षक चुकीचं आहे, जगात तीन लाखांच्या वर सपुष्प वनस्पती असताना समुद्री गवताच्या जेमतेम ७२ प्रजातींसाठी एवढा जीव कशाला टाकायचा, त्यापेक्षा जमिनीवरची जंगलं आधी वाचवा, आणि ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधलं या गवताचं एकच झाड ४,५०० वर्षं टिकलंय असं मीच लिहिलंय मग विविधता लागते कशाला.

शीर्षकाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, मी चुकले. उत्क्रांतीला सुलट-उलट असं काही नसतं. शेवाळ पाण्यातून कधी बाहेर पडलंच नव्हतं, समुद्री गवताचे पूर्वज मात्र जमिनीवर मुळं, फुलं, बिया सगळं कमावून बसलेले आणि ते सामान बरोबर घेऊनच खाऱ्या पाण्यात उतरले. ईलग्रास (झोस्टेरा मरीना) या समुद्री गवताचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, २०१६ साली प्रसिद्ध झाला त्यात हे छान दिसतं, पर्णरंध्रं (पानांवरची हवेची छिद्रं) बनवणारी जनुकं गेलीत, अतिनील किरणांपासून वाचवणारी काही गेलीत, पण पेशीभित्तिकेत शेवाळासारखी सल्फेटवाली शर्करा नव्याने आलीय. फुलं तर सोडलीच नाहीत! झोस्टेराचा परागकण गोल नसतो, २-३ मिलिमीटर लांबीचा दोराच असतो, तो पाण्याबरोबर वाहत जाऊन कुक्षीला (मादी फुलाच्या टोकाला) अडकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तेच डोक्यात घोळत होतं.

आता ७२. आकडा लहान आहे खरा, पण ही काही एका घरातली ७२ भावंडं नाहीत. सगळी अलिस्मटेल्स गणातलीच, तरी त्या गणातल्या वेगवेगळ्या शाखा किमान तीन वेळा स्वतंत्रपणे समुद्रात उतरल्यात, म्हणून त्यांच्यात एवढा फरक दिसतो. एनहॅलसचं पान मीटरभराच्या वर जातं आणि त्याची नर फुलं तुटून पाण्यावर तरंगत मादी फुलापर्यंत पोचतात, तर हॅलोफिला ओव्हॅलिसचं पान बोटाच्या पेराएवढं.

आणि मुळात आकडा लहान आहे म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. जंगलात एक झाड गेलं तर शेजारचं थोडीफार जागा भरून काढतं. १९३०च्या दशकात उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर लॅबिरिंथुला नावाच्या सूक्ष्मजीवाच्या रोगाने ईलग्रास जवळजवळ ९० टक्के संपलं, आणि त्याची जागा घेणारं दुसरं गवत तिथे जवळपास नव्हतंच. जे वाचलं ते मुख्यतः कमी खारट पाण्यातलं. लॉटिया अल्वियस नावाची छोटी समुद्री गोगलगाय फक्त ईलग्रासच्याच पानांवर जगायची पण तिला कमी खारट पाणी सोसायचं नाही, ती कायमची गेली. गवत वाचलं, ती नाही वाचली. २०११च्या आढाव्यात या ७२ पैकी १० प्रजातींना नामशेष होण्याचा वाढीव धोका आहे असं निघालं, त्यातल्या ३ संकटग्रस्त.

जमिनीवरची जंगलं आधी वाचवा असं तुम्ही म्हणता, पण या गवताला मारणारं बरंचसं जमिनीवरूनच येतं हो. त्याला जगायला पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या सरासरी ११ टक्के प्रकाश लागतो, शेवाळाचं त्याच्या कितीतरी कमीत भागतं. शेतातलं खत आणि सुटी माती वाहून आली की पाणी गढूळ होतं, पानांवर शेवाळ चढतं आणि खालचं गवत अंधारात उपाशी मरतं.

शार्क बेचा मुद्दा मात्र खरंच विचार करायला लावणारा होता. पोसिडोनिया ऑस्ट्रॅलिसचं ते एक झाड आडव्या खोडांनी पसरत १८० किलोमीटरवर गेलंय, त्यात नेहमीच्या २० ऐवजी ४० गुणसूत्रं आहेत आणि कदाचित त्यामुळेच ते एवढं सोसतं. पण एक क्लोन (बी न होता एकाच झाडापासून पसरलेलं, जनुकांनी हुबेहूब तेच असलेलं गवत) टिकला यावरून क्लोन सगळीकडे टिकतात असं म्हणता येत नाही, जे संपले ते आपल्याला मोजायला उरलेलेच नाहीत ना. याची सरळ चाचणी झालेली आहे. बाल्टिक समुद्रात ईलग्रासचे काही तुकडे एकाच क्लोनचे आणि काही अनेक क्लोन मिसळून लावले होते, नेमकी २००३ची उष्णतेची लाट आली आणि मिसळलेल्या तुकड्यांत गवत जास्त उरलं. कॅलिफोर्नियात ब्रँट नावाच्या रानहंसांनी गवत खाऊन टाकल्यावर जिथे जास्त क्लोन होते ते तुकडे लवकर सावरले. आणि हे सगळं एकाच प्रजातीच्या आत, म्हणजे ७२ हा आकडा सुद्धा पूर्ण हिशेब नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं उदाहरण मला एवढं आवडतं. तिथल्या अटलांटिक बाजूच्या खाड्यांतून ईलग्रास १९३०च्या दशकात पूर्ण गेलं होतं, १९९९ पासून तिथे ७ कोटींच्या वर बिया टाकल्या आणि २०२० पर्यंत गवत साडेतीन हजार हेक्टरच्या पुढे पसरलं. बिया, कलमं नाहीत! प्रत्येक बी वेगळी, त्यामुळे त्या कुरणात जनुकीय विविधताही चांगली आहे.

शीर्षक आज बदलते, पण जुनं तिथेच खाली लिहून ठेवते, म्हणजे नंतर येणाऱ्याला तुमची कमेंट कशाबद्दल होती ते कळेल.