मालकासारखा विचार करा, पण मालकाला विचारून

आपली कंपनी मध्यम आकाराची असेल आणि कर्मचाऱ्यांमध्ये उद्योजकीय वृत्ती रुजावी असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर सर्वप्रथम पवईच्या एखाद्या तारांकित हॉटेलात, चौथ्या शनिवारी, म्हणजे हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, कार्यशाळा ठेवावी. सर्वांना ‘मालकासारखा विचार करा’ असे छापलेले टी-शर्ट वाटावेत. मापाचे नसले तरी चालतात.

वक्त्याने थ्रीएम कंपनीच्या पिवळ्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगावी. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली धड न चिकटणारा गोंद सापडला, आर्ट फ्राय यांना १९७४ साली त्याचा उपयोग सुचला आणि १९८० साली त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या. तिथल्या तंत्रज्ञांना कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरण्याची मुभा होती, हा तपशील मात्र जेवणाच्या सुट्टीपूर्वी घाईघाईत उरकावा.

मध्यम असण्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. १ एप्रिल २०२५ पासून सरकारने मध्यम उद्योगाच्या उलाढालीची मर्यादा २५० कोटींवरून ५०० कोटींवर नेली आहे. त्यामुळे पगारवाढीच्या वेळी ‘आपण अजून लहान आहोत’ असे सांगायला दुप्पट वाव मिळतो. मंजुरीच्या वेळी मात्र आपण बहुराष्ट्रीय असावे.

उशीर झाल्यास हाफ डे कापण्याची प्रथा सोडू नये. लोकल रखडल्याचा फटका मालकालाही बसायला हवा.

आता कोणी खरोखरच मालकासारखा विचार केला तर काय करावे, हे नीट समजून घ्यावे. समजा, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आपल्या डिस्पॅच विभागातील एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आले, की खोक्यात बाटल्यांच्या वर तीन बोटे जागा रिकामी राहते, ती भरायला रद्दी कोंबावी लागते आणि उंची वाढल्यामुळे टेम्पोत खोक्यांचा एक थर कमी बसतो. (खोक्यांचा विषय निघाला म्हणून कोणी भलता अर्थ काढू नये.) त्याने वसईच्या पुरवठादाराला फोन करून विचारले, की कमी उंचीची शंभर खोकी नमुन्यादाखल कितीला पडतील. उत्तर आले, काही हजार रुपये. अशा माणसाला प्रथम ‘नवकल्पना अर्ज’ भरायला लावावा, त्यात तीन वर्षांचा परतावा मागावा, अर्ज खरेदी विभागाकडून लेखा विभागाकडे आणि तिथून ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून पुन्हा खरेदीकडे धाडावा, आणि कार्यशाळेनंतरच्याच सोमवारी त्याच्या हाती मेमो द्यावा, की अधिकार नसताना पुरवठादाराशी परस्पर संपर्क का साधला, याचा लेखी खुलासा करावा. तो माणूस मीच आहे. मेमोवर ज्यांची सही आहे, त्यांनीच शनिवारी व्यासपीठावरून ‘परवानगीची वाट पाहू नका’ असे बजावले होते आणि आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.

यशाचे श्रेय सर्वांना वाटावे, अपयश मात्र वैयक्तिक फाइलमध्ये नोंदवावे.

साहेब, उपरोध पुरे झाला. कंपनी लहान होती तेव्हा कामगार थेट केबिनमध्ये येऊन बोलत असे आणि चहा संपेपर्यंत त्याला होय किंवा नाही ऐकायला मिळे. वाढत्या धंद्याला नियम लागतात हे आम्हालाही कळते. पण शंभर खोक्यांसाठी आणि नव्या यंत्रासाठी एकच अर्ज, हा नियम नव्हे, ही प्रत्येकाची स्वतःची कातडी वाचवण्याची सोय आहे. वक्त्यावर आणि टी-शर्टांवर उधळलेल्या पैशांतून प्रत्येक सुपरवायझरच्या हाती दहा-दहा हजार रुपये ठेवता आले असते. त्यातले काही वाया गेले असते, तर जाऊ द्यायचे होते. तुमचे स्वतःचे सगळे बेत काही फळले नाहीत, आणि त्याचा खुलासा तुमच्याकडे कोणी मागितला नाही. मालकाची जोखीम आम्ही उचलायची आणि मेमो मात्र नोकराचा घ्यायचा, हे चालणार नाही. तो मेमो मागे घ्या आणि त्या शंभर खोक्यांची ऑर्डर काढा.