बिल उतरले नाही, म्हणजे वीज वाचली नाही असे नव्हे

गेली काही वर्षे मोबाइलवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे: एलईडी दिवे म्हणजे ग्राहकांची फसवणूक आहे, घरातले सगळे दिवे बदलूनही वीजबिल उतरत नाही, ९ वॅटचा म्हणून विकला जाणारा दिवा प्रत्यक्षात दुप्पट वीज ओढतो, त्यात विषारी पारा असतो, सरकारने सांगितलेली बचत कागदावरची आहे, २५,००० तासांचा दिवा वर्षभरात जातो, आणि या प्रकाशाने डोळे अधू होतात. हा संदेश वाचून पुन्हा जुने पिवळे बल्ब शोधू लागलेली माणसे माझ्या परिचयात आहेत, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. यातले काही मुद्दे सपशेल चुकीचे आहेत, काहींत मात्र तथ्य आहे, आणि ते नाकारून दिलेले उत्तर प्रामाणिक ठरणार नाही.

प्रथम बिलाचा मुद्दा. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट वीज जाते, आणि जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी त्याच वेळात १.३५ युनिट घेतो. असे चार दिवे बदलले तर महिन्याला सुमारे ३० युनिट वाचतात. ही बचत मीटरवर दिसते, पण रुपयांत ती हरवू शकते, कारण महावितरणच्या बिलात विजेच्या मूळ दराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असते, आणि दर वाढले की कमी युनिटांचेही बिल पूर्वीइतकेच येऊ शकते. त्याच काळात घरात गीझर किंवा एसी आला असेल, तर दिव्यांनी वाचवलेली वीज त्यात सहज बुडून जाते. शिवाय ज्यांनी पिवळा बल्ब नव्हे तर १४-१५ वॅटचा सीएफएल काढून एलईडी लावला, त्यांची बचत एका दिव्यामागे महिन्याला युनिटभरही होत नाही. त्यांची निराशा खरी आहे, पण त्यांनी तुलना पिवळ्या बल्बशी केलेलीच नाही. ज्याला पडताळा हवा असेल त्याने गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट पाहावेत, रुपये पाहू नयेत. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी: आपण ज्याला ‘झिरोचा बल्ब’ म्हणतो तो शून्य वॅटचा नसतो. तो बहुधा १२ ते १५ वॅटचा असतो, आणि रात्रभर जळणारा असा एक दिवा महिन्याला तीन-साडेतीन युनिट खातो.

ही बचत कोणा कंपनीच्या जाहिरातीवर अवलंबून नाही, ती पदार्थविज्ञानातून येते. पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते, आणि दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णता म्हणून निघून जातो. म्हणून त्याला दर वॅटमागे १२ लुमेनच्या (लुमेन हे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप) आसपासच उजेड देता येतो. एलईडीमध्ये अर्धवाहकाच्या (सेमीकंडक्टरच्या) दोन थरांच्या सांध्यावर विद्युतभार एकत्र येतात आणि त्यांची ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर पडते. आजचे साधे घरगुती दिवे दर वॅटमागे १०० लुमेनच्या घरात उजेड देतात. लाल एलईडी १९६२ साली तयार झाला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी लागणारा प्रखर निळा एलईडी बनवायला आणखी तीन दशके गेली. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचे दर्जेदार स्फटिक वाढवण्यासाठी चिकाटीने काम करणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

‘दुप्पट वीज ओढतो’ हा आक्षेप अर्धवट मोजणीतून आला आहे. स्वस्त दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज चिपला चालेल अशी करून देणारे सर्किट, विद्युतप्रवाह सलग न घेता लहान लहान झटक्यांनी घेतो, त्यामुळे अँपिअर आणि व्होल्ट यांचा नुसता गुणाकार केला तर उत्तर १८ येऊ शकते. वायरमन ज्याला पॉवर फॅक्टर म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेचे या गुणाकाराशी असलेले प्रमाण, तो इथे कमी असतो. परंतु घरगुती मीटर हा गुणाकार मोजत नाही. तो प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजतो, आणि ती ९ वॅटचीच असते. जादा प्रवाहाचा भार तारांवर आणि रोहित्रावर पडतो, ग्राहकाच्या बिलावर नाही. पाऱ्याचा आरोप तर चुकीच्या पत्त्यावर गेला आहे: पारा ट्यूबलाइटमध्ये आणि सीएफएलमध्ये असतो, एलईडीमध्ये नसतो.

सरकारी आकड्याबाबत मात्र मी संदेशाच्या बाजूने काही बोलणार आहे. लोकांना स्वस्तात एलईडी दिवे देण्यासाठी ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेचे यश मोठे आहे. एकगठ्ठा खरेदीमुळे २०१४ साली ३१० रुपयांना मिळणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांच्या खरेदी किमतीवर आला, आणि ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पण या दिव्यांमुळे वर्षाला सुमारे ४,७८८ कोटी युनिट वाचतात, हा जो आकडा सांगितला जातो, तो मीटरवर मोजलेला नाही, हिशेबाने काढलेला अंदाज आहे. त्याला दिव्यांच्या संख्येने भागले तर एका दिव्यामागे वर्षाला १३० युनिट येतात, आणि हे गणित प्रत्येक दिव्याने ६० वॅटचा बल्ब हटवला आणि तो रोज सात तास जळला असे धरले तरच जुळते. ज्या घरात आधीच सीएफएल होता, किंवा जिथे दिवा माळ्यावर लावला गेला, तिथे ते जुळत नाही. म्हणून मी या आकड्याला वरची मर्यादा समजतो. अंदाज सढळ हाताने केला म्हणून बचतच झाली नाही, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

दिव्याच्या आयुष्याबद्दलची तक्रार सर्वांत रास्त आहे. रोज पाच तास धरले तर २५,००० तास म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ, आणि इतका टिकलेला दिवा फारच थोड्यांनी पाहिला असेल. हा आकडा प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो, तिचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा. दिवा बंद पडतो तो बहुतेक वेळा बुडाशी असलेल्या ड्रायव्हरमुळे: त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो किंवा विजेच्या दाबाच्या चढउतारात जळतो, आणि बंद काचेच्या गोळ्यात बसवलेला दिवा तर आपल्याच उष्णतेत शिजतो. वॉरंटीतला दिवा बिल दाखवून बदलून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे. तरीही, पिवळ्या बल्बच्या जागी लावलेला दिवा वर्षभरच चालला असे धरले, तरी तो रोज पाच तासांच्या हिशेबाने ९३ युनिट वाचवून गेलेला असतो. युनिटला पाच रुपये धरले तर हे साडेचारशे रुपयांहून अधिक होतात. नुकसान होते ते कचऱ्याच्या रूपाने, आणि त्याचा जाब उत्पादकांना विचारला गेला पाहिजे.

डोळ्यांच्या भीतीचे मूळ पांढऱ्या एलईडीच्या रचनेतच आहे: तो आतून निळा असतो आणि वरचा पिवळा लेप त्या निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलून पांढरा उजेड तयार करतो. मात्र खोलीत काहीशे लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड असतो, तर ढगाळ दिवशीही अंगणात तो दहा हजारांच्या घरात जातो. घरातल्या दिव्याने दृष्टिपटल जळत नाही. झोपेवरचा परिणाम वेगळा आणि खरा आहे, कारण रात्रीचा निळसर प्रखर उजेड शरीरातले झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी करतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यावरचे दिवेही ३,००० केल्विन किंवा त्याखालचे असावेत असे सुचवले (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). झोपण्याच्या खोलीत २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर एलईडी लावला, तर वीज जवळपास तेवढीच वाचते. निकृष्ट ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आणि त्याने काहींचे डोके दुखते, डोळे थकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर ज्या दिव्याच्या उजेडात ठळक काळे पट्टे सरकताना दिसतात, तो मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर लावू नये.