पाचव्याच्या हातात वाद्य नाही, तरी तो बँडमधलाच

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मुंबईतल्या काळाचौकीच्या बेंजो पार्टीवर, म्हणजे मिरवणुकीत बेंजो-ताशा वाजवणाऱ्या बँडवर, मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप असे: सुपारी घेऊन सिनेमातली गाणी वाजवणाऱ्यांना 'स्वतंत्र बँड' कसं म्हणायचं, बेंजो आपलं वाद्यच नाही, फोटोत चार वादक दिसतात आणि मी सदस्य पाच सांगतो, आणि स्थापनेचं साल तर कुठेच नाही.

वाद्याबद्दल आधी. अमेरिकन बँजोला कातडं मढवलेलं असतं. आपल्या बेंजोचं त्याच्याशी फक्त नाव जुळतं. हा बुलबुल तरंग. 1912 साली जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून ताईशोगोतो बनवलं, त्याचाच हा भाऊ. म्हणजे परका, हे खरंच. पण बाजाची पेटीही युरोपातूनच आली आणि आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. मुंबईतल्या पोरांनी या लाकडी खोक्याला तारांचा आवाज भोंग्यापर्यंत नेणारा पिकअप बसवला, भोंगा हातगाडीवर चढवला आणि ताशाच्या कडकडाटातही सूर ऐकू जाईल असं केलं. या पार्टीचा बेंजो मी हातात घेऊन पाहिलाय. मधल्या कळांवरचा रंग बोटांनी पार खाल्लाय. एक कळ पावसाळ्यात फुगून अडकते, म्हणून तालमीआधी तिच्या कडेला मेणबत्ती घासतात.

सिनेमाच्या गाण्यांचं म्हणाल तर, 1984 साली याच शहरात सुरू झालेलं 'रॉक मशीन', पुढचं 'इंडस क्रीड', तेही आधी दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होतं. त्यांना बँड म्हणताना कुणी अडखळत नाही. आणि 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांच्या संगीतात जो झणका आहे, त्यात हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे. सिनेमाने बँडवाल्यांकडून घेतलं, बँडवाले सिनेमाकडून घेतात. यात मला कमीपणा दिसत नाही.

आता 'स्वतंत्र' या शब्दाकडे येतो, कारण तो मी विचार करून वापरलाय. बेंजो वाजवणारे काका 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आठवीत होते. वडील गिरणीत साचे चालवायचे आणि रात्री चाळीतल्या भजनात पेटी धरायचे. पगार थांबला, पेटी विकली गेली. घरात वाद्य परत यायला बरीच वर्षं लागली, आणि आलं ते सेकंडहँड बेंजोच्या रूपाने. मग काका, ढोलकीवाला आणि ताशावाला एका मोठ्या पार्टीत वाजवायला लागले. तिथे मालक सुपारी ठरवायचा, आकडा कुणाला सांगायचा नाही, विसर्जनानंतर हातावर टेकवेल तेवढं घ्यायचं. एका वर्षी तेही दिवाळीपर्यंत लटकलं. तिघे बाहेर पडले. ऑक्टोपॅडवाला पोरगा नंतर आला, तो दिवसा पार्सलं पोचवतो.

आणि पाचवा? तो काहीच वाजवत नाही, म्हणून फोटोत नाही. तो गाडी ओढतो, जनरेटर सांभाळतो, रात्रीचे दहा वाजत आले की आता थांबा म्हणून काकांच्या खांद्याला हात लावतो, आणि त्याच्याकडे ती वही आहे. लाल पुठ्ठ्याची, घामाने फुगलेली. प्रत्येक सुपारीखाली सहा सारखे भाग मांडलेले: पाच माणसांचे आणि सहावा 'वाद्य'. नव्या तारा, ताशाचं पान, भोंग्याची दुरुस्ती, सगळं त्या सहाव्यातून. आकडा पाचही जणांना दिसतो. मी स्वतंत्र म्हटलं ते या वहीवरून. स्वतःची गाणी ते पुढे करतील की नाही, हा वेगळा प्रश्न.

सालाबाबत तुमचं बरोबर आहे, मी ते टाळायला नको होतं. विचारलं होतं मी. काका बेंजो घरी आला तो दिवस धरतात, ताशावाला मालकाला सोडलं तो. ढोलकीवाला म्हणतो, "वहीचं पहिलं पान बघा ना." पहिलं पान पावसात भिजून गेलंय. तिघांपैकी एकाचंच खरं धरून साल छापावं, असं मला वाटलं नाही, पण ही तीन उत्तरं तरी लेखात यायला हवी होती. ती आज घातली आहेत. फोटोखालची ओळही बदलली: 'पार्टीतले चार जण, पाचवा जनरेटरपाशी.'